एक वही, दोन शाळा

गोंदियाहून बल्लारशाहकडे जाणारी सकाळची पॅसेंजर सुटली, तेव्हा बाहेर अजून धुकं होतं. डिसेंबरचा दुसरा आठवडा. डब्याच्या खिडक्या बंद, माणसं शालीत गुंडाळलेली, आणि त्यांच्यामध्ये आमची बावीस मुलं-मुली जणू उन्हाळ्याची सुट्टी लागल्यासारखी बडबडत होती. नववीचा वर्ग, त्यात बारा मुली. मी आणि आमच्या शाळेतल्या आणखी दोन शिक्षिका-शिक्षक. माझ्या मांडीवर शाळेचा प्रोजेक्टर होता, जुन्या चादरीत बांधलेला. समोरच्या बाकावरच्या एका आजीने विचारलं, "काय नेता जी बाई एवढं जपून?" मी म्हटलं, "सिनेमा." आजी हसली. "मंडईले चाल्ले का मंग?"

तिचं चुकलं नव्हतं. दिवाळीनंतर धानाची कापणी उरकली की आमच्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, पाहुणेरावळे, सोयरिकीच्या गोष्टी, रात्री नाटक. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांतली ही झाडीपट्टी रंगभूमी आजही तिकिटावर चालते. वडशाला नाटक मंडळ्यांची कार्यालयं आहेत. तिथले ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा आमच्या भागात रात्र जागवून गोष्ट पाहणारे लोक कमी नाहीत. पण शाळेच्या वेळेत, शाळेच्या खोलीत, अभ्यास म्हणून सिनेमा पाहायचा ही गोष्ट मात्र नवी होती. त्या गावासाठीही आणि आमच्यासाठीही.

बेत साधा होता. नवेगावबांधच्या अलीकडच्या एका गावात मराठी माध्यमाची माध्यमिक शाळा आहे. तिथल्या मुख्याध्यापकांशी एका प्रशिक्षणात ओळख झाली होती. आमची शाळा उर्दू माध्यमाची, शहरातली. त्यांची शाळा खेड्यातली. एकाच जिल्ह्यात राहून या मुलांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. मी उर्दू आणि मराठी दोन्ही विषय शिकवते. आमच्या मुलांचं मराठी परीक्षेपुरतं. उत्तर पाठ असतं, पण दुकानात मराठीत बोलायची वेळ आली की जीभ अडखळते. तिकडच्या मुलांना उर्दू म्हणजे फक्त उजवीकडून डावीकडे लिहायची लिपी, एवढंच ठाऊक. दोन्ही वर्गांनी एक दिवस एकत्र बसून एक चित्रपट पाहावा, मग त्यावर काम करावं, असं ठरलं. चित्रपट कोणता, यावर दोन आठवडे गेले.

शेवटी निवडला तो ना मराठी, ना हिंदी. इराणचे दिग्दर्शक अब्बास किआरोस्तमी यांचा १९८७ चा चित्रपट. त्याच्या फारसी नावाचा अर्थ, 'मित्राचं घर कुठे आहे?' आठेक वर्षांचा अहमद शाळेतून घरी येतो आणि दप्तर उघडतो, तर शेजारी बसणाऱ्या मोहम्मद रझाची वही चुकून त्याच्याकडे आलेली. दोन्ही वह्या दिसायला सारख्या. मोहम्मद रझाने पुन्हा वहीऐवजी सुट्या कागदावर अभ्यास आणला, तर त्याला शाळेतून काढीन, असं गुरुजींनी त्याच दिवशी बजावलेलं. वही आजच पोहोचवायला हवी. पण मित्र राहतो डोंगरापलीकडच्या पोश्तेह गावात, आणि त्याचं घर कुठे आहे हे अहमदला ठाऊक नाही. एवढीच गोष्ट. त्र्याऐंशी मिनिटं. मारामारी नाही, नाचगाणं नाही, घरच्यांसमोर मान खाली घालावी असं एकही दृश्य नाही.

तरीही परवानगीचा प्रश्न आलाच.

आपल्या घरांत सिनेमा या शब्दाबद्दल एक धास्ती आहे, आणि ती सगळीच खोटी आहे असं मी म्हणणार नाही. मोबाईलवर मुलं काय पाहतात हे पाहिलं की मलाही भीती वाटते. मी पालकांना चिठ्ठी दिली. एकवीस जणांच्या सह्या आल्या. एका मुलीची चिठ्ठी कोरी परत आली. ही मुलगी वर्गात सर्वात चांगलं लिहिणारी. तिचे वडील सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतात. संध्याकाळी मी दुकानावर गेले. हातातली ट्यूब पाण्याच्या टोपल्यात बुडवत ते म्हणाले, "आपा, बच्ची को पढ़ने भेजते हैं. फिल्म देखने के लिए स्कूल भेजें क्या?" आवाजात राग नव्हता. खरोखरच विचारत होते.

मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं, "भाईजान, आधी तुम्ही पाहा. भाभींना घेऊन या. तुम्हाला योग्य वाटलं नाही तर मी पुन्हा म्हणणार नाही." जुम्म्याच्या दिवशी असरनंतर शाळेच्या खोलीत पालकांसाठी तोच चित्रपट लावला. अकरा पालक आले. सायकलवाले भाईजान सर्वात मागे, दाराजवळ उभे. वाटेल तेव्हा निघून जाता यावं म्हणून. अर्ध्या तासाने पाहिलं तर ते बाकावर बसलेले होते.

मगरिबची अजान झाली तेव्हा चित्रपट संपला होता. नमाजनंतर ते थांबले. म्हणाले, "ये तो अमानत का किस्सा है." मग त्यांनीच इतरांना सांगितलं. अमानत ज्याची त्याला पोहोचती करावी, हा हुकूम सूरह निसामध्ये आहे. मक्केच्या लोकांनी आपल्या पैगंबरांना, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम, अल-अमीन म्हटलं ते याच गुणासाठी. हिजरतीच्या रात्री, जीवावर बेतलेलं असताना, लोकांच्या ठेवी परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली यांना मागे ठेवलं. आणि त्या ठेवी कोणाच्या होत्या? त्यांना छळणाऱ्यांच्याच शहरातल्या लोकांच्या. "वो बच्चा छोटा है, पर बात समझ गया," भाईजान म्हणाले. चिठ्ठीवर त्यांनी तिथेच सही केली. मी इतके दिवस त्या चित्रपटाकडे पटकथा, छायाचित्रण, शिक्षणशास्त्र या नजरेने पाहत होते. हा शब्द मला सुचला नव्हता.

गाडी हिरडामालीवरून पुढे गेली तसं धुकं विरळ झालं. दोन्ही बाजूंना कापणी झालेल्या बांध्या, मधूनमधून धानाची पुंजणी. ओल असलेल्या बांध्यांत लाखोळी उगवून हिरवी झालेली. सौंदडनंतर जंगल जवळ येतं. नवेगाव आणि नागझिरा ही दोन्ही जंगलं मिळून २०१३ पासून व्याघ्र प्रकल्प झाला आहे. शहरातली आमची मुलं वाघ दिसेल म्हणून खिडकीला नाक लावून बसली. वाघ दिसला नाही, बगळे दिसले. मी त्यांना सारसाबद्दल सांगितलं. माणसाच्या उंचीचा, लाल मानेचा हा पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे, धानाच्या शेतात घरटं करतो. "मिस, आपल्याच जिल्ह्यात?" एकाने विचारलं. त्याचं आश्चर्य मला बोचलं. नववीपर्यंत आम्ही त्याला काय काय शिकवलं होतं, आणि हे राहून गेलं होतं.

देवलगावला उतरून दोन काळ्यापिवळ्या गाड्यांतून आम्ही गावात पोहोचलो. नवेगावबांधचा मोठा तलाव इथून जवळ. हे तलाव कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले. पावसाचं पाणी अडवून धान पिकवायचं हे शास्त्र इथल्या मातीत शेकडो वर्षं मुरलेलं आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथे राहिले, त्यांनी या परिसरावर पुस्तक लिहिलं. आणि थोडं पुढे, अर्जुनी मोरगाव तालुक्यातच, प्रतापगडच्या डोंगरावर महादेवाचं ठिकाण आहे आणि ख्वाजा उस्मान हारूनी यांच्या नावाची दर्गाहही आहे. महाशिवरात्रीला दोन्हीकडे माणसांची रीघ लागते. या भागातल्या लोकांना एकमेकांची सवय आहे. सवय नव्हती ती आमच्या शहरातल्या मुलांना.

शाळेच्या हेडमास्तरांनी तयारी चोख ठेवली होती. मोठ्या खोलीच्या खिडक्यांना धानाची रिकामी पोती आणि ताडपत्री बांधून अंधार केलेला. भिंतीवर पांढरं धोतर ताणलेलं. त्यांच्या वर्गातली अठ्ठेचाळीस मुलं सतरंजीवर आधीच बसलेली. "मॅडम, एवढा शांत सिनेमा पोरं पाहतील का?" मी विचारायच्या आत त्यांनीच विचारलं आणि उत्तरही दिलं, "आमची पोट्टे रात्री अकराले बसतात ते सकाळी उठतात नाटकातून. दीड तासाचं काय घेऊन बसलात!"

चित्रपट सुरू करण्याआधी एकच काम दिलं. फळ्यावर चित्रपटाचं मूळ नाव देवनागरीत लिहिलं: खाने-ये दूस्त कुजास्त. विचारलं, यातलं काय ओळखू येतं? आमच्या मुलांनी 'दोस्त' लगेच ओळखला, तिकडच्यांनीही. मग एका गावच्या मुलाने हात वर केला. "मॅडम, खाने म्हंजे दवाखान्यातला खाना का?" मी म्हटलं, तोच. दवाखाना, कारखाना, तोफखाना. खाना म्हणजे घर, जागा. खोलीत एकदम गलका झाला. मुलं एकेक शब्द ओरडू लागली: पागलखाना, जेलखाना, मालखाना. 'कुजा' म्हणजे कुठे, हे मी सांगितलं. पाच मिनिटांत सत्तर मुलांना एका फारसी वाक्याचा अर्थ लागला होता, आणि तो लावण्यात अर्धा वाटा मराठीचा होता.

पुढे चित्रपटात हे वाढतच गेलं. वहीला फारसीत 'दफ्तर' म्हणतात. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी, मराठीत दप्तर म्हणजे वह्या-पुस्तकांची पिशवी. मूळ एकच, कागदांची चवड. गृहपाठाला ते 'मश्क' म्हणतात. हा शब्द आमच्या मुलांच्या उर्दू पाठ्यपुस्तकात प्रत्येक धड्याखाली छापलेला असतो. अहमदची आई त्याला 'नान' आणायला पिटाळते. दर वेळी कोणीतरी हळूच शेजाऱ्याला सांगायचं. बसताना दोन शाळा दोन बाजूंना बसल्या होत्या, पण शब्दांची देवाणघेवाण करता करता मधली रेघ पुसली गेली.

मी स्वतः कमी बोलायचं ठरवलं होतं. गोंदियात पालकांसमोर मी दर प्रसंगाला समजावत होते, तेव्हा एक बाई म्हणाली होती, "आपा, देखने दो ना." त्यामुळे या वेळी खालच्या इंग्रजी ओळींपैकी अगदी गरजेच्या तेवढ्याच मराठीत सांगितल्या. आई ऐकत नाही, आजोबा ऐकत नाहीत, हे सांगायला भाषा लागतच नाही. आजोबांच्या खिशात सिगारेट असूनही ते नातवाला सिगारेट आणायला पाठवतात, केवळ मोठ्यांचं ऐकायची शिस्त लागावी म्हणून. त्या प्रसंगाला दोन्ही शाळांची मुलं सारखीच हसली. प्रत्येकाच्या घरात असं कोणीतरी असावं.

अहमद दुसऱ्यांदा पोश्तेहला पोहोचतो, अंधार पडू लागतो, घर सापडत नाही, आणि नेमकी तेव्हाच वीज गेली. खोलीत "अरे!" असा एकच आवाज. हेडमास्तर बाहेर धावले. वीज यायला वीस मिनिटं लागली, आणि दिवसातलं सर्वात चांगलं काम त्या वीस मिनिटांत झालं. मी म्हटलं, आता तुम्ही अहमद आहात. हातात मित्राची वही आहे, रात्र झाली आहे. काय कराल? पाच-पाच, सहा-सहा जणांचे गट पाडले, दोन्ही शाळा मिसळून. उत्तरं आली. मशिदीच्या इमामांना विचारीन. दुकानदाराकडे वही ठेवीन. आईला रडून सांगीन. रात्रभर दारं वाजवीन. सायकलवाल्या भाईजानांची मुलगी म्हणाली, "मैं सुबह सर को सच बोल दूँगी." तिच्या गटातल्या गावच्या मुलीने विचारलं, "आन् सरांनी नाही ऐकलं तं?"

वीज आली. अहमद काय करतो ते मुलांनी पाहिलं. तो रात्री मित्राच्या वहीत मित्राचा अभ्यास लिहून ठेवतो, सकाळी उशिरा का होईना शाळेत पोहोचतो आणि वही मित्रापुढे सरकवतो. गुरुजी वही तपासतात. पानात एक फूल आहे, आदल्या संध्याकाळी एका म्हाताऱ्या सुताराने दिलेलं. चित्रपट तिथेच संपतो.

टाळ्या झाल्या, पण लगेच भांडणही सुरू झालं. "तो पोरगा खोटं काहून करते, मॅडम? दुसऱ्याचा अभ्यास लिहिणं म्हंजे कॉपी." गावचा एक मुलगा ठाम होता. आमच्यातले काही त्याच्या बाजूने. फसवणूक ती फसवणूक. दुसरे म्हणाले, तो वही पोहोचवायला दोनदा डोंगर चढून गेला, कोणी मोठ्याने मदत केली नाही, मग त्याने दुसरं काय करावं? कोणीतरी अमानतीचा मुद्दा काढला. ठेव तर परत केली, पण त्यात आपल्या हाताने काहीतरी भरून. ते चालतं का? मी निकाल दिला नाही. मला खरोखर देता आला नसता. एका मुलीने शेवटी विचारलं, "चुकलं कोणाचं? अहमदचं का गुरुजीचं?" यावर मात्र खोली बराच वेळ गप्प होती.

आणि मी मागे भिंतीला टेकून उभी होते, एका मुलाकडे पाहायचं टाळत. गोष्ट सप्टेंबरमधली. आमच्या वर्गातल्या या मुलाकडे सलग दोन दिवस मराठीची वही नव्हती. मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं. कारण विचारलं नाही. शिस्त म्हणजे शिस्त. त्यानंतर तो आठवडाभर आलाच नाही. घरी गेले तेव्हा कळलं, पावसात छत गळून दप्तरच्या दप्तर भिजलं होतं. वह्या त्याच्या अम्मीने दोरीवर वाळत घातल्या होत्या. पानं एकमेकांना चिकटली होती, शाई फुटली होती. मी त्याला नव्या वह्या नेऊन दिल्या, तो परत आला, प्रकरण मिटलं असं मी समजत होते. पण पडद्यावर ते गुरुजी मोहम्मद रझाचे सुटे कागद फाडतात तेव्हा त्या मुलाच्या डोळ्यांत खळकन पाणी येतं, आणि दुसऱ्यांदा पाहतानाही मला ते सोसवलं नाही. बी.एड.ला आम्ही बालमानसशास्त्र शिकलो होतो. त्याचे गुणही चांगले मिळाले होते.

जेवण गावातल्या आयांनी केलेलं. भात, वरण, वांग्याची भाजी. जुहरच्या नमाजसाठी हेडमास्तरांनी शिक्षकांची खोली झाडून दिली होती आणि कोपऱ्यात पाण्याची बादली ठेवली होती. न सांगता.

दुपारची कार्यशाळा बाहेर, शाळेच्या पटांगणात आणि तलावाच्या पाळीवर झाली. आधी जुन्या पुठ्ठ्यांच्या चौकटी कापल्या आणि त्यातून पाहायला लावलं. चौकटीत काय घ्यायचं आणि काय सोडायचं, दिग्दर्शकाचं निम्मं काम हेच. मग डोळे मिटून दोन मिनिटं ऐकायचं आणि ऐकलेल्या आवाजांची यादी करायची. शहरातल्या मुलांच्या यादीत सात-आठ आवाज, गावच्या मुलांच्या यादीत वीसच्या वर. पाखरांची नावंही लिहिलेली. आमची मुलं ती नावं विचारून उतरवून घेऊ लागली. मराठीच्या तासाला मी इतकी एकाग्रता कधी पाहिली नव्हती.

मग खरं काम. प्रत्येक गटाला एक मोबाईल आणि एक मिनिट. मोबाईल हलवायचा नाही, मध्ये थांबवायचा नाही. सिनेमाची सुरुवात अशीच झाली. फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या पहिल्या फिल्मा मिनिटभराच्याही नव्हत्या, आणि ७ जुलै १८९६ रोजी त्या मुंबईत वॉटसन हॉटेलात दाखवल्या गेल्या. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'आधी काय केलं होतं, हेही सांगितलं. कुंडीत वाटाणा पेरून, तो उगवताना रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि ते दाखवून भांडवल जमवलं. हे ऐकून गावच्या मुलांचे डोळे चमकले. वाटाण्याऐवजी लाखोळी चालेल का, असं त्यांनी विचारलं.

मोबाईल कोणी धरायचा यावरून एका गटात मुलगे पुढे सरसावले. एक मुलगी मला येऊन म्हणाली, "मिस, लड़कियाँ फिल्म बनाती हैं क्या?" मी तिला फातमा बेगमबद्दल सांगितलं. त्यांनी १९२६ मध्ये 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. भारतातल्या त्या पहिल्या महिला दिग्दर्शक. ती परत गेली आणि मोबाईल मागून घेतला.

बारा गटांच्या बारा फिल्मा झाल्या. एकात सूप पाखडणारे हात. एकात हातपंप आणि त्याचा आवाज, माणूस दिसतच नाही. एका गटाने वर्गाचं दार धरून ठेवलं, कोणी उशिरा येईल म्हणून. पन्नास सेकंद कोणी आलं नाही आणि शेवटी एक शेळी डोकावून गेली. सगळे पोट धरून हसले. एका फिल्ममध्ये मात्र फक्त एक रिकामा बाक होता. गावच्या मुलांनी सांगितलं, त्यांचा मित्र तिथे बसतो. कापणी संपल्यावर आई-वडील कामासाठी बाहेर गेले, तोही गेला. होळीनंतर येईल. फिल्म करण्याची कल्पना त्यांची होती, पण मोबाईल धरला होता आमच्या त्या वहीवाल्या मुलाने. मिनिटभर त्याचा हात हलला नाही.

हे सगळं काही आमचा शोध नव्हे. किआरोस्तमींचा हा चित्रपट ज्या संस्थेने काढला ती इराणमध्ये १९६५ साली मुलांच्या आणि तरुणांच्या बौद्धिक विकासासाठी स्थापन झाली. तिने ग्रंथालयं काढली, पुस्तकं छापली, चित्रपट काढले. फ्रान्समध्ये १९८९ पासून माध्यमिक शाळेतल्या मुलांना शाळेच्या वेळेतच चित्रपटगृहात नेऊन, आधी-नंतर वर्गात चर्चा करून चित्रपट शिकवले जातात. आपल्याकडे बालचित्र समिती १९५५ मध्ये स्थापन झाली. पंडित हृदयनाथ कुंझरू तिचे पहिले अध्यक्ष. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. ख्वाजा अहमद अब्बास यांच्यासारख्या, मौलाना हालींच्या घराण्यातल्या लेखकाने १९६४ मध्ये मुलांसाठी 'हमारा घर' काढला. म्हणजे चांगले चित्रपट कमी नाहीत. ते आमच्या तालुक्यातल्या शाळेपर्यंत आपोआप येत नाहीत, एवढंच. कोणीतरी ते मांडीवर घेऊन पॅसेंजरने जावं लागतं.

ज्या शिक्षकांना, पालकांना आपल्या गावात असं काही करावंसं वाटेल, त्यांच्यासाठी आमचा अनुभव थोडक्यात. चित्रपट आधी स्वतः पूर्ण पाहा, मग पालकांना दाखवा. परवानगी मागण्याऐवजी सोबत बसायला बोलवा. नमाजच्या वेळा लक्षात घेऊन वेळापत्रक आखा. दीड तासापेक्षा लांब चित्रपट नको. मध्ये मध्ये समजावू नका. कोणाचंही चित्रण त्याला विचारल्याशिवाय करायचं नाही, ही अट मुलांना पहिल्याच मिनिटाला सांगा. आणि जमलं तर दुसऱ्या माध्यमाची एक शाळा सोबत घ्या. एकट्या वर्गाने पाहिलेला सिनेमा आणि दोन वर्गांनी मिळून पाहिलेला सिनेमा यांत फार फरक पडतो.

परतीच्या गाडीत मुलं थकून झोपली. मगरिब गाडीतच झाली. बाकावर बसूनच नमाज पढलो. बाहेर काळोखात कुठे कुठे शेकोट्या दिसत होत्या. किआरोस्तमींच्या त्या कोकेर गावाचं मला आठवत होतं. चित्रपटानंतर तीन वर्षांनी, जून १९९० मध्ये, त्या भागात मोठा भूकंप झाला. हजारो माणसं गेली. किआरोस्तमी आपल्या चित्रपटातल्या दोन मुलांना शोधायला तिकडे गेले आणि त्या शोधावर त्यांनी पुढचा चित्रपट केला. ती दोन मुलं, खऱ्या आयुष्यातले सख्खे भाऊ, जिवंत होती. नंतरच्या चित्रपटात ती मोठी झालेली दिसतात.

तो वहीवाला मुलगा झोपला नव्हता. माझ्या समोरच्या बाकावर येऊन बसला. मला वाटलं, आता काही बोललं पाहिजे. सप्टेंबरची माफी मी त्याच्या अम्मीकडे मागितली होती, त्याच्याकडे नाही. मी म्हटलं, "बेटा, त्या दिवशी मी तुला विचारायला हवं होतं." तो थोडा वेळ खिडकीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मिस, वो टीचर बुरे नहीं थे. उनको मालूम नहीं था."

मला मालूम करून घेता आलं असतं. फक्त एक प्रश्न विचारावा लागला असता. पण हे मी त्याला सांगितलं नाही. त्याने दिलेलं मी ठेवून घेतलं.

जानेवारीत हेडमास्तरांचा निरोप आला. सोबत एकतीस छायाचित्रं. एका डब्यात लाखोळीचे दाणे, मग मातीला गेलेली भेग, मग कोंब, मग दोन पानं. शेवटच्या छायाचित्रात रोपाशेजारी एक पाटी: 'आता तुमी या.' मार्चच्या परीक्षा झाल्या की इन्शाअल्लाह ती मुलं गोंदियाला यायची आहेत. रिकाम्या बाकावरचा मुलगाही तोवर परतलेला असेल, असं त्याच्या मित्रांनी कळवलं आहे. आमच्या मुलांनी दोन वह्या आताच वेगळ्या काढून ठेवल्या आहेत, एक त्याच्यासाठी आणि एक ज्याची विसरेल त्याच्यासाठी.